मार्लिसची नवी बटणं

मार्लिस स्कुबिकला माणसाचं नाव आधी आठवत नाही, चित्र आधी आठवतं. "अरे तो रे, अठ्ठ्याण्णवच्या परेडमध्ये ज्याची टोपी उडून ढोलावर पडली होती," असं ती म्हणाली की आपण समजायचं, बँकेच्या मॅनेजरसाहेबांबद्दल बोलणं चाललंय. त्या साहेबांना आता टक्कल पडलंय, नातवंडं झालीत, पण मार्लिसच्या लेखी त्यांची टोपी अजून हवेतच आहे.

गावच्या केबल चॅनेलवर ती छत्तीस वर्षं एडिटिंग करते. चॅनेल म्हणजे ग्रंथालयाच्या तळघरातल्या दोन खोल्या आणि दोन माणसं. मी कॅमेरा चालवतो, ती कापाकापी करते. मी रेनो लाम्पी, फिनिश वंशाचा, म्हणजे फिन. ती स्लोव्हेनियन. आयर्न रेंजवर, आमच्या या लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यात, जन्मलेल्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की आमच्या ऑफिसात बोलण्याचं खातं पूर्ण तिच्याकडे आहे. टॅमरॅक गावातली लग्नं, पालिकेच्या सभा, खाणीतल्या लोकांचे निरोपसमारंभ, बर्फावरच्या हॉकीचे सगळे सामने तिच्या हाताखालून गेलेत. गावात कोणाचं भांडण कधी सुरू झालं, हे ती तारखेनिशी दाखवू शकते. दाखवत नाही, हे तिचे उपकार.

गेल्या डिसेंबरात आमच्या जुन्या संगणकानं मान टाकली. त्याच्यावरचं सॉफ्टवेअर तिनं चोवीस वर्षं वापरलं होतं. कीबोर्डवरची अक्षरं इतकी झिजली होती की दुसऱ्या कोणाला त्यावर स्वतःचं नावही लिहिता आलं नसतं. तिला अक्षरांची गरजच नव्हती. डोळे पडद्यावर, बोटं खाली आपापली कामं करतायत, तोंडानं मला माझ्या हलत्या कॅमेऱ्यावरून टोमणे, असा तिचा कारभार. आता ते सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चालेना, म्हणून मी दुसरं घेतलं. मीच निवडलं. हे आधीच कबूल केलेलं बरं.

पहिल्या दिवशी ती फादर युरिचचं निवेदन कापायला बसली. चर्चमधली पेस्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या मोठ्या करंजीची विक्री, किंमत आणि वेळ, एवढंच होतं. पडद्याच्या खालच्या भागात टाइमलाइन असते, चित्रांचे आणि आवाजाचे तुकडे जिथं ओळीनं मांडतात ती पट्टी. मार्लिसनं सवयीनं करंगळी दाबली आणि ती अख्खी पट्टी मुंगीएवढी झाली. ती पुन्हा मोठी करायला दुसरं बटण दाबलं.

"रेनो, फादर कुठे गेले?"

"कुठे म्हणजे?"

"आत्ता इथे होते. पेस्टीपर्यंत आले होते. आता नुसता आवाज येतोय, माणूस नाही."

मी वाकून पाहिलं. फादर खरंच गायब होते.

"तू काय दाबलंस?"

"चोवीस वर्षं जे दाबतेय तेच!"

मी बाजूला बसून शॉर्टकटची यादी छापून दिली. चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. तिनं ती भिंतीवर टाचली आणि मग सुरू झालं मान वर, मान खाली. सुदैवानं तीन बटणं सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये एकच असतात, ‘जे’ म्हणजे मागे, ‘के’ म्हणजे थांब, ‘एल’ म्हणजे पुढे. ‘आय’ आणि ‘ओ’ या खुणाही त्याच, तुकडा इथून घे, इथं संपव. बाकी सगळा गोंधळ. ज्या बटणानं आधी तुकडा कापला जायचा, त्याच बटणानं आता त्याचा वेग बदलायचा. फादर युरिच एकदा अशा चिरक्या आवाजात पेस्टी विकायला लागले की वरच्या मजल्यावरून ग्रंथपालबाई चौकशीला आल्या.

हसू यायचं, पण मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडेही बघायचो. कारण मार्च जवळ येत होता.

मार्चमध्ये आमच्याकडे मुलींच्या हॉकी संघाचं जेवण असतं. रविवारी दुपारी, स्लोव्हेनियन हॉलमध्ये, सगळं गाव येतं. तिथं बारा मिनिटांची हंगामाची फिल्म दाखवतात, ती गेली सत्तावीस वर्षं मार्लिस करते. त्या फिल्मचा एकच कायदा आहे आणि तो मार्लिसचा आहे: संघातली प्रत्येक मुलगी तिच्यात दिसली पाहिजे. एखादी फक्त लेस बांधताना दिसेल, पण दिसेल. आणि तिच्या वेळेला हॉलमध्ये कोणी तरी टाळी वाजवेल, इतकं तरी त्यात असेल. यासाठी मार्लिस तासन् तास सामने मागे-पुढे करत बसते. माझ्या मते गावातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, खाण धरून.

जानेवारीच्या शेवटी कोच डॅरिल तळघरात आले. टोपी हातात, म्हणजे काही तरी अवघड बोलायचं होतं.

"मार्लिस, नवीन मशीन त्रास देतंय असं ऐकलं. यंदाची फिल्म डुलूथ शहरातल्या स्टुडिओवाल्यांना देऊ या का? त्यांच्याकडे तयार साचा असतो. नुसते गोल टाकायचे."

"आणि जिनं गोल केला नाही तिनं काय करायचं? जेवून घरी जायचं?"

"तसं नाही गं..."

"डॅरिल, ऐक. फिल्म मी करणार. माझ्या हातानं नाही झाली, तर एक एप्रिलपासून मी घरी बसेन. मग डुलूथला द्या, नाही तर ड्युटीवरच्या पोलिसाला द्या."

कोच गेल्यावर ती खुर्चीत तशीच बसून राहिली. "मी बोलून बसले खरी," ती म्हणाली. ती तोंडातून शब्द काढते आणि मग तो पाळते, हे मला ठाऊक होतं, त्यामुळे मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटली. तिच्याशिवाय त्या तळघरात मी काय करणार होतो? माझ्या पंचवीस वर्षांच्या हलत्या कॅमेऱ्याला तिनंच तर सरळ केलं होतं.

फेब्रुवारीचे पहिले दिवस वाईट गेले. ती सगळं माउसनं करायला लागली. शोध, पकड, ओढ, सोड. चार मिनिटांच्या कामाला अर्धा तास. सासरी आलेल्या नव्या सुनेसारखी स्वयंपाकघरातला प्रत्येक डबा उघडून बघत होती. हॉकी फिल्मचं एकही मिनिट पुरं होईना. टोमणेही बंद झाले. माझा कॅमेरा चांगलाच हलला होता, तरी ती काही बोलली नाही, तेव्हा मला खरी काळजी लागली.

मग चर्चची पॅनकेकची न्याहारी आली.

तिथं मार्लिस अकॉर्डियन वाजवते. साधं नव्हे, आमच्याकडचं जुनं बटणांचं. तिचा टोने मामा गेला तेव्हा त्याचं वाद्य तिच्याकडे आलं. तिची पोल्का नाचाची धून रंगात आली होती, म्हातारी जोडपी सिरपाच्या चिकट जमिनीवर गिरक्या घेत होती आणि मी चौथ्या पॅनकेकवर होतो. मार्लिस वाजवता वाजवता माझ्याकडे बघत होती. एकाएकी तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं माझ्या दाढीला काही लागलंय. तिनं पोल्का पुरा केला, कारण नाचणाऱ्यांना मध्येच सोडणारी ती नव्हे, आणि वाद्य गळ्यात तसंच ठेवून माझ्या टेबलाशी आली.

"रेनो, यात एकच बटण भाता दाबला की एक सूर देतं आणि ओढला की दुसरा. माहीत आहे ना?"

"मला कसं माहीत असणार? मी फिन आहे."

"तीस वर्षांची होईपर्यंत मी पियानोच्या पट्ट्यांचं अकॉर्डियन वाजवायचे. हे हातात आलं तेव्हा वर्षभर रडले. लेनर्ड, सख्खा नवरा, वैतागून गॅरेजमध्ये जेवायचा."

"मग?"

"मग कळलं, बोटांना जुनं विसरायला सांगायचंच नाही. बोटं विसरत नाहीत रे बाबा. त्यांना एवढंच सांगायचं, की आता भाता ओढतोय. आणि खाली बघायचं नाही. मी महिनाभर त्या कीबोर्डकडे बघत बसलेय! कोणी अकॉर्डियनवाला खाली बघतो का?"

सोमवारी ती कपबश्या पुसायचा निळा पंचा घेऊन आली. भिंतीवरची चार पानं काढली, घडी करून मला दिली. कीबोर्डवर पंचा टाकला आणि हात त्याखाली घातले. "रोज सहा बटणं," ती म्हणाली. "सातवं उद्या. तू हुकूम सोड."

मी सोडायला लागलो. "काप! उचल! सरकव! मागचं पुसून टाक!" तिचा पाय पोल्काच्या ठेक्यावर जमिनीवर आपटत होता आणि पंच्याखाली बोटं धावत होती. चुकली की ती स्लोव्हेनियनमध्ये एक शब्द उच्चारायची, जो फादर युरिचना नक्की कळला असता. मी वेग वाढवला की तीही वाढवायची. एकदा ग्रंथपालबाई पुन्हा खाली आल्या. मी ओरडतोय "उचल, उचल, सोड," आणि मार्लिस पंच्याखाली हात घालून खिदळतेय, हे पाहून त्या काही न विचारता वर गेल्या.

लेनर्ड मला दुकानात भेटला. खाणीतून निवृत्त झालेला, गरीब स्वभावाचा माणूस. "रेनो, ती न्याहारीला टोस्टवर बोटं आपटते," तो म्हणाला. "काल मला म्हणाली, लोणी सरकव, आणि माझ्या मनगटावर दोन बटणं दाबली."

"सरकवलंस ना?"

"सरकवलं तर! योग्य बटणं दाबली असणार."

फेब्रुवारी संपता संपता ती परत आली. म्हणजे होती तिथंच, पण टोमणे परत आले. "रेनो, ही मुलगी गोल करतेय आणि तू छताचा दिवा घेतोयस, दिव्याला जेवायला बोलावलंय का?" मला इतकं बरं वाटलं की मी तिला कॉफी आणून दिली, जे मी कधी करत नाही. फिल्म भराभर वाढत होती. पाच मिनिटं, आठ, दहा.

त्या आठवड्यात टेसा मॅरोल्ट आली. ती संघाची तिसरी गोलरक्षक. चार वर्षं संघात आहे आणि चार वर्षांत एक मिनिटही बर्फावर उतरली नाही, कारण पहिल्या दोघी कधी आजारीच पडल्या नाहीत. तिचं काम खेळाडूंच्या बाकासमोरचं, बर्फावर जायचं दार उघडायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकीच्या पायाच्या पॅडवर स्टिक आपटायची. तिनं सगळ्यांच्या लहानपणीच्या फोटोंचं पाकीट मार्लिसच्या टेबलावर ठेवलं.

"तेता मार्लिस, एक सांगू?" रेंजवर मावशीला तेता म्हणतात, आणि मार्लिस अर्ध्या गावाची मावशी आहे. "यंदा मला वगळलंत तरी चालेल. माझं काही शूटिंग नसेलच. नियमासाठी उगाच कुठून तरी शोधू नका."

"तुला लाज वाटते का गं?"

"लाज नाही. पण मी दिसले की सगळे प्रेमानं टाळ्या वाजवतात. हळू हळू. आजारी माणसाला वाजवतात तशा." ती हसली, पण ते काही खरं हसू नव्हतं.

ती गेल्यावर मार्लिस सामन्यांच्या चित्रणात शिरली. मग तिनं उपांत्य सामन्यातला एक तुकडा शोधला: जादा वेळ, टेसा दार उघडून उभी आहे, एकेकीच्या पॅडवर स्टिक आपटतेय, ओठ हलतायत. त्यानंतर लगेच आमचा विजयी गोल. "चांगला आहे," मी म्हणालो. "बरा आहे," मार्लिस म्हणाली. "हळू टाळ्यांचाच आहे."

आता माझा पराक्रम.

शनिवारी फिल्म झाली. मार्लिस जेवणासाठी अक्रोडाची पोतित्सा, त्यांच्याकडचा गोड पाव, भाजायला घरी गेली. मी सॉफ्टवेअर कंपनीला दुसऱ्याच कामासाठी फोन लावला होता. पलीकडची मुलगी सहज म्हणाली, "जुन्या सॉफ्टवेअरची बटणं हवी असतील तर तीही लावता येतात. मेनूत आहे. एक क्लिक."

एक क्लिक! दोन महिने ती बाई झगडतेय, टोस्टसुद्धा बडवून झाला, आणि हे मेनूत होतं. पुस्तिका मी वाचली नव्हती, हे सांगायला नकोच. मला लाज वाटली आणि त्या लाजेतून मला औदार्याचा झटका आला. मी क्लिक केलं. जुनी बटणं लावली. उद्या सकाळी तिच्यासमोर उभं राहून सांगू, ती खूश होईल, असं ठरवून घरी गेलो आणि सॉनाच्या वाफेत बसून स्वतःचं कौतुक केलं.

रविवारी रात्रभराच्या बर्फात माझी गाडी रुतलेली निघाली. दहा वाजता पोचलो, तर मार्लिस आठपासून आलेली. "एवढंच राहिलं होतं," ती म्हणाली. "त्या विजयी गोलाच्या आधी तू सामन्याच्या पंचाला जे बोललायस ते आवाजातून काढून टाकलं. नऊ सेकंद! एवढी लांब शिवी असते?"

"फिनिश आहे."

"बस, शेवटची एकदा बघू. एक वाजता हॉलमध्ये लावायची आहे."

आम्ही बघायला लागलो. आठ मिनिटं सुरेख गेली. नवव्या मिनिटाला टेसा आली. तिनं बाकाचं दार उघडलं आणि तत्क्षणी दोन हजार माणसं गरजली. टेसानं पहिलीच्या पॅडवर स्टिक आपटली, गर्दी वेडी झाली. दुसरीच्या आपटली, भोंगा वाजला, बँड सुरू झाला. मग गोल झाला आणि गोलावर चिडीचूप. त्यापुढे कोच डॅरिल तोंड उघडून बोलतायत आणि आवाज बर्फ घासायच्या मशीनचा.

मार्लिसच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं, आणि ते मला बघवलं नाही. "मला वाटलं होतं मी शिकले," ती हळूच म्हणाली. "मी जागा रिकामी ठेवून उचललं होतं, रेनो. मला नक्की आठवतंय."

"तू बरोबरच दाबलंस," मी म्हणालो. आणि सगळं ओकलो. मेनू, क्लिक, औदार्य. नव्या बटणांत तो तुकडा नुसता उचलला गेला असता आणि जागा रिकामी राहिली असती. माझ्या जुन्या बटणांत तेच बटण जागा मिटवून टाकतं, म्हणून पुढचा सगळा आवाज नऊ सेकंद अलीकडे सरकला होता.

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं आता पोतित्साचा साचा डोक्यात बसणार.

"म्हणजे माझी बोटं नवीन बोलत होती?"

"हो."

"आणि तू यंत्राला जुनं शिकवलंस?"

"हो."

"फिन!" ती किंचाळली आणि हसायला लागली. टेबलावर हात आपटून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मीही हसलो, माझा जीव भांड्यात पडला होता. मग ती एकदम थांबली. ‘जे’ दाबून फिल्म मागे नेली, ‘एल’ दाबून पुन्हा सोडली. टेसानं दार उघडलं. दोन हजार माणसं गरजली.

ती तो तुकडा चारदा बघत राहिली. आता टेसाचे ओठ काय म्हणत होते ते कळत होतं. ती प्रत्येकीला नाव घेऊन "जा" म्हणत होती.

"नवी बटणं परत लाव," मार्लिस म्हणाली. "आणि यापुढे कशाला हात लावशील तर याद राख."

मी लावली. तिचा पाय ठेक्यावर हलायला लागला. काप, उचल, सरकव. डोळे पडद्यावरून हलले नाहीत. कोचना त्यांचा आवाज मिळाला, मशीनला मशीनचा. गर्जना मात्र तिनं टेसाजवळ ठेवली. तिथून सुरू करून लांबवत गोलापर्यंत नेली आणि भोंगा गोलावर बसवला. पस्तीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

हॉल गच्च भरला होता, पोर्केटाचा, मसाला लावून भाजलेल्या डुकराच्या मांसाचा, वास सुटला होता. नवव्या मिनिटाला टेसानं खुर्चीतच मान खाली घातली, हळू टाळ्यांसाठी तयार होऊन. दार उघडलं आणि गर्जना आली. पहिल्यांदा संघाच्या टेबलावरून कोणी तरी "टेसा!" ओरडलं. मग सगळ्या मुली उभ्या राहिल्या आणि टेबलं बडवायला लागल्या, काटे-चमचे उडाले, आणि पडद्यावरचा आवाज कुठला नि हॉलमधला कुठला ते कळेना. टेसानं मान वर केली. तोंड उघडं, लालबुंद, आणि यावेळचं हसू खरं होतं. मी रडलो. फिनांच्या नावाला बट्टा लावला, पण रडलो.

नंतर टेसाचे वडील मार्लिसकडे आले. खाणीतला ट्रकवाला, माझ्यापेक्षाही कमी बोलणारा.

"तो आवाज," ते म्हणाले. "त्या दिवशी तो तिच्यासाठी नव्हता."

"तू होतास ना त्या सामन्याला?"

"होतो. घसा बसला ओरडून."

"दार उघडून ती उभी होती तेव्हा कोणाकडे बघत होतास?"

त्यांनी डोळे पुसले, मार्लिसचा हात दोन्ही हातांत धरला आणि तिच्या बशीत आपल्या वाट्याची पोतित्सा ठेवून गेले.

आम्ही सामान आवरत होतो. मी तारा गुंडाळत विचारलं, "मग? एक एप्रिल?"

"एक एप्रिलला पालिकेची सभा आहे," ती म्हणाली. "आणि रेनो, पुढच्या हंगामात दुसरा कॅमेरा बाकासमोर लाव. पूर्ण सामना. मला त्या दारापाशी काय चालतं ते बघायचंय."

बाकासमोरच्या भिंतीवरचा पत्रा कापून मी त्या दुसऱ्या कॅमेऱ्याला जागाही करून ठेवली आहे.